रिपोर्ट नॉर्मल, पण दोन मैल धाववत नाही

"एक्सरे क्लिअर आहे, म्हणजे फुफ्फुसं एकदम ओके." आपल्याकडे डॉक्टर हे म्हणाले की विषय संपतो. इराक-अफगाणिस्तानातून परतलेल्या बऱ्याच अमेरिकन सैनिकांनाही हेच ऐकवलं गेलं, आणि हे लोक तर जायच्या आधी दोन मैल आरामात पळणारे, परत आल्यावर जिना चढताना धापा टाकणारे.

तिथं झालं काय, तर तळावरचा कचरा उघड्या खड्ड्यात जाळायचे. इराकमधल्या बलाद तळावरचा खड्डा जवळपास दहा एकरांचा होता आणि ऐन भरात दिवसाला शंभर टनांहून जास्त कचरा त्यात जायचा. प्लास्टिकच्या बाटल्या, थर्माकोल, बॅटऱ्या, रंगाचे डबे, दवाखान्याचा कचरा, सगळं एकत्र, आणि पेटावं म्हणून वरून विमानाचं इंधन. आता चांगल्या भट्टीत ८५० अंशाच्या वर तापमान ठेवतात म्हणजे बहुतेक विषारी रेणू तुटतात, पण उघड्या खड्ड्यात आग कुठं धगधगते, कुठं नुसती धुमसते, त्यामुळे पीव्हीसी प्लास्टिकमधल्या क्लोरीनपासून डायॉक्सिन नावाचं जहरी रसायन तयार व्हायला रान मोकळं. शिवाय बारीक कण, जे नाकात अडकत नाहीत, थेट आत खोलवर जातात.

आता मला सगळ्यात भारी वाटणारा भाग. श्वासनलिका आत गेली की तिला दोन-दोन फाटे फुटत जातात, एकाच्या दोन, दोनाच्या चार. सोळाव्या फाट्याला २ चा १६ वा घात, म्हणजे साधारण ६५ हजार नळ्या होतात, एकेकीचा व्यास जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर. नळीची त्रिज्या निम्मी झाली की विरोध १६ पट होतो (त्रिज्येचा चौथा घात, पॉइजुईचा नियम), मग वाटतं की या बारीक नळ्यांतच हवा अडत असणार. पण उलटं आहे! नळ्या समांतर जोडलेल्या आहेत, दहावीतले समांतर रोध आठवा, जितक्या शाखा जास्त तितका एकूण विरोध कमी. मुख्य श्वासनलिकेचं छेदक्षेत्र अडीच चौरस सेंटिमीटर आणि या सगळ्या बारक्यांचं मिळून १८० च्या आसपास. त्यामुळे एकूण विरोधात त्यांचा वाटा साधारण दहा-वीस टक्केच.

आता गणित करा. वाटा १० धरा, बाकीचा ९०. बारक्यांपैकी निम्म्या पूर्ण बंद पडल्या तरी १० चे २० होतात, एकूण १०० चे ११०. फुंकणीच्या टेस्टमध्ये, म्हणजे स्पायरोमेट्रीत, एवढा फरक सहज नॉर्मलमध्ये मिसळून जातो. टोलनाक्यावर पन्नास लेन असतील तर पंधरा बंद केल्या तरी एरवी रांग लागत नाही, गर्दीच्या वेळी मात्र कळतं. पळताना तीच गर्दीची वेळ.

२०११ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये ८० सैनिकांचा अभ्यास आला. त्यातल्या ४९ जणांच्या फुफ्फुसाचा तुकडा काढून तपासला तेव्हा ३८ जणांत या बारीक नळ्यांभोवती व्रणासारखी ऊती वाढून त्या आवळलेल्या दिसल्या, म्हणजे कॉन्स्ट्रिक्टिव्ह ब्राँकिओलायटिस. बहुतेकांचे एक्सरे नॉर्मल होते. पण यातले बरेचसे २००३ मध्ये मोसुलजवळच्या गंधकाच्या कारखान्याला लागलेल्या, जवळजवळ महिनाभर धुमसलेल्या आगीच्या धुरातही होते, आणि तपासले ते मुळात त्रास होणारेच, तेव्हा सगळा दोष खड्ड्यांच्या माथी मारणं घाईचं ठरेल, वाळवंटातली धूळ आहेच वर. २०२० मध्ये सरकारला सल्ला देणाऱ्या अमेरिकेतल्या नॅशनल अकॅडमीज या शास्त्रज्ञांच्या संस्थेनंही श्वसनाच्या बहुतेक आजारांबाबत पुरावा अपुरा आहे असंच म्हटलं.

आणि हो, धुरात काम केलं की गूळ खा, फुफ्फुसं साफ होतात, हे आपल्याकडचं लाडकं. गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो, श्वासनलिकेत गेला तर ठसका लागतो. 'लंग डिटॉक्स' चहाचंही तेच, व्रण झालेली नळी चहाने उघडत नाही.

पुरावा अपुरा म्हणून सैनिकांनी किती वर्षं थांबायचं, यावर अमेरिकेने शेवटी कायद्यानं तोडगा काढला. ऑगस्ट २०२२ चा पॅक्ट कायदा, फुफ्फुसाच्या कॅन्सरने गेलेल्या हीथ रॉबिन्सन या सार्जंटच्या नावाचा. ठरावीक ठिकाणी ड्युटी केली असेल आणि यादीतला आजार झाला असेल तर तो धुरामुळेच झाला असं धरून चालतात, सैनिकाला सिद्ध करत बसावं लागत नाही. कॉन्स्ट्रिक्टिव्ह ब्राँकिओलायटिस त्या यादीत आहे, फक्त तो पक्का ठरवायला बऱ्याचदा अजूनही छातीला छेद देऊन तुकडाच काढावा लागतो.