दुर्बिणीच्या ऑपरेशनात पित्ताची पिशवी बाहेर काढायच्या पद्धती

दुर्बिणीनं पित्ताची पिशवी काढली की विदर्भातल्या कुठल्याही तालुक्याच्या दवाखान्यात नातेवाईकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, एवढी पिशवी एवढ्याशा भोकातून काढली कशी जी? प्रश्न बरोबरच आहे. पिशवी ७ ते १० सेंटीमीटर लांब, आत कधी तुरीएवढे तर कधी बोराएवढे खडे, आणि भोक १० मिलिमीटरचं.

हे ऑपरेशन पहिल्यांदा जर्मनीत एरिख म्यूहे यांनी १९८५ मध्ये केलं, भारतात १९९० मध्ये मुंबईला डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी. साधारण चार भोकं पाडतात, त्यातली दोन मोठी, एक बेंबीजवळ आणि एक छातीच्या हाडाखाली. पिशवी यातल्याच एकातून निघते आणि सर्जन लोकांचा वाद इथंच असतो.

हाडाखालून काढणं सोपं, कारण मुख्य हत्यार तिथंच असतं, कॅमेरा हलवावा लागत नाही, वेळ वाचतो. पण ती वाट तिरकी आणि वर हाड, त्यामुळं मोठा खडा असला की अडकते. बेंबीतून काढायचं तर कॅमेरा वरच्या भोकात न्यावा लागतो, पण तिथला पडदा (पोटाच्या भिंतीचा कातडीखालचा चिवट थर) थोडा कापून भोक मोठं करता येतं, व्रण बेंबीतच लपतो, आणि बऱ्याच तुलनात्मक अभ्यासांत पहिल्या दिवसाचं दुखणं बेंबीवाल्यांत कमी दिसलंय. इन्फेक्शनच्या बाबतीत मात्र निकाल एकसारखे नाहीत. बेंबीचा पडदा नीट शिवला नाही तर पुढं हर्निया होतो, आणि ऐन कापूस वेचणीत पाठीवर ओझं घेणाऱ्या बाईला तो परवडणारा नाही.

पिशवी अडकलीच तर तिची मान भोकाबाहेर ओढून तोंड उघडतात, सक्शननं पित्त ओढून घेतात, मग चिमट्यानं खडे फोडून एकेक काढतात. ओढताण केली की पिशवी फाटते, खडे पोटात सांडतात, आणि एखादा राहून गेला तर महिन्यांनी, कधी वर्षांनीही गळू होऊ शकतं. म्हणून सुजलेली, पू झालेली किंवा कॅन्सरची शंका असलेली पिशवी बॅगेत घालूनच काढावी. तयार एंडोबॅग महाग पडते, म्हणून लहान दवाखान्यांत हातमोज्याची बॅग चालते: निर्जंतुक, बिनपावडरचा मोजा घ्यायचा, बोटांच्या बुडाशी धाग्यानं गच्च बांधायचं, बोटं कापून टाकायची, उरलेला तळवा झाला बॅग. तो गुंडाळून भोकातून आत ढकलतात, पिशवी आत टाकतात आणि तोंड धरून बाहेर ओढतात. दिसायला जुगाड, पण काम चोख करतो. प्रत्येक साध्या केसला मात्र बॅग हवीच असं नाही.

आणि एक गोष्ट, जी गावाकडं सगळ्यात जास्त सुटते. खडे प्लॅस्टिकच्या डबीत घालून घरी देतात, लोक ते शेजाऱ्यांना दाखवतात, त्याला हरकत नाही, पण पिशवी तपासणीला जायलाच पाहिजे. साध्या पाण्यात नाही, १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये (नमुना कुजू न देणारं औषध), डबीवर पेशंटचं नाव लिहून. तालुक्याला पॅथॉलॉजी नसली की ती डबी नातेवाईकच एसटीनं नागपूर-वर्ध्याला नेतात. कधीकधी वरून नुसत्या खड्यांची वाटणाऱ्या पिशवीत कॅन्सर निघतो, आणि तो भिंतीत खोल गेला असेल तर लिव्हरचा थोडा भाग काढायला परत ऑपरेशन लागतं.