पानिओनिओस (क्रीडासंघ)

पानिओनिओस हा अथेन्सच्या दक्षिण भागातील नेआ स्मिर्नी या उपनगराचा क्रीडासंघ. त्याची स्थापना मात्र एजियन समुद्राच्या पैलतीरावर, ऑटोमन साम्राज्यातील स्मिर्ना (आजचे तुर्कस्तानातील इझमीर) या बंदरात १८९० मध्ये झाली. ग्रीसच्या सर्वांत जुन्या क्रीडासंघांत त्याची गणना होत असल्यामुळे समर्थक त्याला ‘इस्तोरिकोस’, म्हणजे ऐतिहासिक संघ, म्हणून ओळखतात. लाल आणि निळा हे त्याचे रंग आहेत.

स्मिर्नातील ग्रीकभाषक मंडळींनी ‘ऑर्फेअस’ नावाची संगीत व क्रीडा संस्था काढली आणि तीतून हा संघ उभा राहिला. १८९१ मध्ये काही सभासदांनी वेगळे होऊन ‘अपोलॉन’ हा संघ काढला. तोही पुढे अथेन्सला आला व आज रिझूपोली भागात आहे. १८९६ पासून भरू लागलेल्या पानिओनियन क्रीडास्पर्धांमुळे मैदानी खेळांत संस्थेचा लौकिक वाढला. फुटबॉल या शहरात प्रामुख्याने बोर्नोव्हा भागातील इंग्रज व्यापारी कुटुंबांनी रुजवला होता. १९०६ च्या अथेन्समधील ऑलिंपिक धर्तीच्या स्पर्धांत फुटबॉलचे रौप्यपदक मिळवणाऱ्या स्मिर्ना शहराच्या संघात मुख्यतः अशाच युरोपीय घराण्यांतील तरुण होते.

ग्रीक-तुर्क युद्धाच्या अखेरीस सप्टेंबर १९२२ मध्ये स्मिर्ना आगीत भस्मसात झाले. पुढच्या वर्षीच्या लोझान येथील करारानुसार लोकसंख्येची अदलाबदल सक्तीची ठरली आणि आशिया मायनरमधून बारा लाखांच्या आसपास ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक ग्रीसमध्ये येऊन पडले. मैदान, इमारत, चषक मागे टाकून आलेल्या सभासदांनी अथेन्समध्ये संस्था पुन्हा उभी केली आणि निर्वासितांनी वसवलेल्या नेआ स्मिर्नीत ती स्थिरावली. गमावलेल्या शहराचे नाव नव्या वस्तीला मिळाले आणि संघाच्या पूर्ण नावातही ‘स्मिर्ना’ राहिले. पानिओनिओसचे खरे महत्त्व या सातत्यात आहे. जिंकलेल्या चषकांच्या संख्येवरून ते कळणार नाही.

फुटबॉलचे राष्ट्रीय विजेतेपद संघाला कधीच मिळाले नाही. १९५१ आणि १९७१ मध्ये तो उपविजेता ठरला. ग्रीक चषक त्याने दोनदा जिंकला : १९७९ मध्ये अथेन्सच्याच एईके संघाला ३-१ असे नमवून आणि १९९८ मध्ये तेथल्याच पानाथिनाइकोस संघावर १-० अशी मात करून. पहिल्या विजयानंतर युरोपीय चषकविजेत्यांच्या स्पर्धेत नेदरलँड्सच्या ट्वेंटे संघाला त्याने घरच्या मैदानावर ४-० असे हरवले. दुसऱ्या विजयानंतर तो याच स्पर्धेच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोचला आणि पुढे विजेत्या ठरलेल्या लाझिओपुढे त्याची वाटचाल संपली.

खेळाडू घडवणारा संघ अशीही त्याची ख्याती आहे. ग्रीसच्या सर्वोच्च श्रेणीत २६० गोल करून विक्रम नोंदवणारा थोमास माव्रोस याच मैदानावर घडला, १९७६ मध्ये एईकेकडे गेला आणि १९८७ मध्ये परतून निवृत्तीपर्यंत येथेच खेळला. निकोस अनास्तोपूलोस व दिमित्रिस सारावाकोस हेही येथूनच मोठ्या संघांकडे गेले. उमलती प्रतिभा विकून खर्च भागवणे हे मधल्या फळीतील ग्रीक संघांचे जुने प्राक्तन आहे, आणि पानिओनिओसला ते चुकले नाही.

१९७९ मध्ये ग्रीसमध्ये व्यावसायिक फुटबॉल सुरू झाल्यावर प्रत्येक संघाचा फुटबॉल विभाग भागभांडवलाच्या स्वतंत्र कंपनीकडे गेला. मूळ हौशी संस्था आपल्या अन्य खेळांसह वेगळी राहिली. कंपनी कर्जात बुडाली, तर संस्थेला आपल्या नावाने खालच्या श्रेणीत संघ उतरवता येतो. २०२० मध्ये सर्वोच्च श्रेणीतून बाहेर पडल्यावर थकलेल्या देण्यांमुळे पानिओनिओसला हौशी श्रेणींपर्यंत उतरावे लागले. नेआ स्मिर्नीच्या मैदानावरच खेळत राहून त्याने पुढे दुसरी श्रेणी पुन्हा गाठली.