'फ्री' गाणी वाजवणारे प्लेअर: मोफत की मुक्त?

न्यूक्लियर हा डेस्कटॉप प्लेअर स्वतःची ओळख 'फ्री म्युझिक शोधून देणारा' अशी करून देतो. हे वाक्य मराठीत लिहायला बसलं की पेन अडतं. फ्री म्हणजे मोफत की मुक्त? इंग्रजीत एकाच शब्दावर दोन्ही अर्थ निभावून जातात, मराठीत बाजू घ्यावी लागते. माझ्या मते या प्लेअरांच्या पहिल्या पिढीला 'मुक्त' शोभतं, दुसरीला 'मोफत'.

विनॅम्प आणि इंटरनेट रेडिओचा काळ इथे बाजूला ठेवतो. पहिली पिढी डिसेंबर 2002 पासून धरावी, कारण क्रिएटिव्ह कॉमन्सची, म्हणजे कलाकाराने आपलं काम इतरांना वापरायची आधीच परवानगी देणारी, लायसन्स तेव्हा आली. 2003 मध्ये मॅग्नाट्यून, पुढे लक्झेंबर्गहून जमेंडो, या अशा संगीताच्या वेबसाइट. कलाकारांनीच 'वाजवा, वाटा' म्हणून सोडलेलं हे संगीत अमारॉक आणि रिदमबॉक्स या लिनक्सवरच्या प्लेअरांनी थेट प्लेअरच्या बाजूपट्टीत आणून ठेवलं. जमेंडोवर पहिल्यांदा क्लिक केलं की आधी अख्खा कॅटलॉग उतरायचा. 256 केबीपीएसच्या लाइनवर तोवर स्वयंपाकघरात एक चक्कर होऊन जायची. 2010 मध्ये जुन्या अमारॉकच्या कोडवरून क्लेमेंटाइन निघाला, त्यातही हेच स्रोत होते. प्रोग्रॅम मुक्त, गाणंही मुक्त. फक्त मनात असलेलं गाणं तिथे सहसा नसायचं. मला एकही भावगीत सापडल्याचं आठवत नाही.

मनातलं गाणं यूट्यूबवर होतं. ते तिथून काढायची युक्ती यूट्यूब-डीएल या कमांड लाइनवरच्या प्रोग्रॅमने 2006 पासून दाखवून ठेवली होती. इलेक्ट्रॉन या साधनामुळे वेबपानासारखं डेस्कटॉप ॲप बांधणं सोपं झालं, तेव्हा तीच युक्ती जावास्क्रिप्टमध्ये वापरून न्यूक्लियरसारखे प्लेअर उभे राहिले. गाण्याचं नाव, अल्बम, कव्हर एकीकडून घ्यायचं आणि आवाज यूट्यूबवरून. जुळणी नावावरून होत असल्याने अभंग मागावा तर तासाभराचा 'ज्यूकबॉक्स' सुरू होतो. कोडचं लायसन्स एजीपीएल, म्हणजे बदललेला कोडही खुलाच ठेवायला लावणारं, मुक्तपणाच्या बाबतीत कडकातलं कडक. गाण्याचं लायसन्स मात्र कुणी विचारत नाही. जमेंडोही यादीत आहे, पण यादीतच.

सगळा वाद पेटला तो 23 ऑक्टोबर 2020 ला. अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने नोटीस दिली आणि गिटहब या कोड ठेवायच्या साइटने यूट्यूब-डीएलचा रेपो, म्हणजे कोडचा साठा, त्याच्या प्रतींसकट खाली घेतला. नोटिशीत बोट होतं ते कोडमधल्या टेस्टवर. प्रोग्रॅम चालतो का हे तपासायला ठेवलेल्या नमुना लिंकांमध्ये काही गाजलेल्या गाण्यांचे व्हिडिओ होते, आणि तोच हेतूचा पुरावा म्हणून मांडला गेला. तक्रार नक्कल केल्याची नव्हती. 1998 च्या अमेरिकी कायद्याच्या कलम 1201 प्रमाणे कुलूप तोडण्याचं साधन देणं हाच गुन्हा, आणि यूट्यूबचा 'रोलिंग सायफर' हे कुलूप, असा दावा होता.

आता हे कुलूप जवळून पाहू. यूट्यूब काही व्हिडिओंच्या पत्त्यातली सही (सिग्नेचर), म्हणजे तो पत्ता चालण्यासाठी लागणारी अक्षरांची ओळ, उलटीपालटी करून पाठवतं. ती सरळ करणारं जावास्क्रिप्टही त्याच पानाबरोबर येतं. ब्राउझर ते चालवतो. यूट्यूब-डीएलही तेच करत होता, पोटात ठेवलेल्या एका छोट्याशा इंटरप्रिटरने, म्हणजे जावास्क्रिप्ट वाचून चालवणाऱ्या भागाने. ना पासवर्ड, ना गुप्त किल्ली. डिजिटल हक्कांसाठी लढणाऱ्या एका संस्थेने हाच मुद्दा पत्रात मांडला, आणि 16 नोव्हेंबरला रेपो परतला. गाण्यांच्या त्या टेस्ट काढल्या गेल्या. गिटहबने डेव्हलपरांच्या कायदेशीर बचावासाठी 10 लाख डॉलरचा निधीही जाहीर केला.

प्लेअरवाल्यांमध्ये हा निकाल आपल्या बाजूने लागला असं सर्रास बोललं गेलं. पण निकाल लागलाच नव्हता. कोर्टात कुणी गेलं नव्हतं. एका कंपनीने आपला निर्णय फिरवला होता, एवढंच. तोही प्रोग्रॅम ठेवण्यापुरता. त्यातून वाजणारं गाणं मुक्त आहे असं त्यात कुणीही म्हटलेलं नाही. जाहिरात न वाजता गाणं वाजतं तेव्हा गायकाच्या हाती काय पडतं, हा प्रश्न त्या तीन आठवड्यांच्या गदारोळात जवळजवळ ऐकूच आला नाही. 2023 मध्ये हॅम्बुर्गच्या न्यायालयाने तर तोच सायफर कायद्याने कुलूपच मानला, आणि यूट्यूब-डीएलचं संकेतस्थळ आपल्या सर्व्हरवर ठेवणाऱ्या कंपनीला जबाबदार धरलं.

बहुतेकांनी एव्हाना मुक्काम वायटी-डीएलपी या त्याच्या वंशजाकडे हलवला आहे. यूट्यूबचं जावास्क्रिप्ट 2025 पर्यंत इतकं गुंतागुंतीचं झालं की पोटातला तो छोटा इंटरप्रिटर पुरेनासा झाला. यूट्यूब पूर्णपणे चालवायचं तर आता डेनोसारखा अख्खा जावास्क्रिप्ट रनटाइम, म्हणजे ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम, शेजारी बसवून घ्यावा लागतो.