हीट मॅट लावण्याआधी : टॅरंटुला आणि विंचू पाळणाऱ्यांसाठी

खोली गार पडली की आमच्याकडे ठरलेला प्रश्न येतो : "कोळी दोन दिवस जागचा हललेला नाही, कुठली मॅट घेऊ?" हीट मॅट, म्हणजे पेटीला ऊब देणारी विजेवरची पातळ चटई, आम्ही विकतो, तरी आधी उलट विचारतो की पेटीत अंश किती आहेत? आपल्याला स्वेटर घालावासा वाटला, हे काही माप नव्हे. पेटीच्या काचेवर चिकटवायचे गोल काट्याचे थर्मामीटर बऱ्याचदा फसवतात. वायरच्या टोकाला प्रोब, म्हणजे तापमान टिपणारा सेन्सर, असलेला डिजिटल घ्या आणि प्रोब जनावर बसतं त्या उंचीवर ठेवा.

बहुतेक टॅरंटुला, म्हणजे मोठे केसाळ कोळी, २० ते २८ अंश सेल्सिअसमध्ये मजेत राहतात. रात्री दोन-तीन अंश उतरले तर बिघडत नाही. चिलीकडचा रोझ हेअर तर त्याहून थोडा गारवाही सहज सोसतो, त्याला मॅट बहुधा लागतच नाही. पश्चिम आफ्रिकेतला एम्परर विंचू मात्र उबेतला जीव, त्याला २५च्या वरच ठेवलेलं बरं. या प्राण्यांचं शरीर स्वतःची ऊब राखत नाही. भोवतालचा गारवा वाढला की भूक, पचन, कात टाकणं, सगळंच मंदावतं. हे आजारपण नव्हे. पण पारा दिवसेंदिवस १८च्या खाली राहत असेल, तर काहीतरी करायला हवं.

सगळ्यात सोपा उपाय फुकटचा आहे. पेटी फरशीवरून उचला, खिडकीपासून आणि बाहेरच्या भिंतीपासून लांब, वरच्या फळीवर ठेवा. ऊन हवा वर चढते, त्यामुळे एकाच खोलीत खाली-वर चांगला फरक पडतो. चार-पाच पेट्या असतील तर प्रत्येकीला मॅट लावत बसू नका. एक मोठा थर्माकोलचा खोका घ्या, मॅट त्याच्या आतल्या भिंतीला लावा आणि पेट्या आत मांडा, मॅटला न चिकटवता. हवा खेळायला खोक्याला भोकं ठेवा.

मॅट कुठे लावायची?

बाजूला किंवा मागे. तळाला कधीच नाही. आमच्या सुरुवातीच्या दिवसांत आम्हीही ती पेटीखाली सरकवली होती. सकाळी पाहतो तर तळाची माती पांढुरकी, भुसभुशीत, आणि बिळात राहणारा कोळी वरच्या कोपऱ्यात काचेला चिकटून बसलेला. निसर्गात ऊन वाढलं की हे प्राणी खाली खणतात, कारण खाली गारवा आणि ओल असते. आपण खालूनच तापवलं तर तो जितका खणेल तितका भाजत जातो. शिवाय मातीच्या थराखाली उष्णता कोंडते आणि काच तडकू शकते.

एका बाजूचा अर्धा भाग झाकेल एवढी मॅट पुरे. दुसरी बाजू गार राहू द्या, कुठे बसायचं ते जनावरच ठरवेल. थर्मोस्टॅटशिवाय, म्हणजे ठरलेल्या अंशाला मॅट आपोआप बंद-चालू करणाऱ्या यंत्राशिवाय, मॅट जोडू नका, यात आम्ही सूट देत नाही. थर्मोस्टॅटचा प्रोब मॅट आणि काच यांच्यामध्ये घट्ट बसवा आणि आतला आकडा वेगळ्या थर्मामीटरवर बघत राहा. दिवे नकोत, ते पेटी कोरडी करतात आणि या निशाचरांना उजेडही नको असतो. तापणारे कृत्रिम दगड तर मुळीच नकोत.

खरा धोका कोरडेपणाचा

कोळ्याच्या पायात आखडायला स्नायू असतात, पण मुख्य सांधे ताठ करायला शरीरातल्या द्रवाचा दाब लागतो. पाणी कमी झालं की दाब उतरतो आणि पाय पोटाखाली दुमडले जातात. असं दिसलं तर आधी पाणी पाजायचं बघा, अंश वाढवायच्या मागे लागू नका. उलट कोळी पाठीवर उताणा पडलेला दिसला, तर बहुधा तो कात टाकतोय. हात लावू नका, फुंकर मारू नका, आणि खायला टाकलेला जिवंत किडा आत उरला असेल तर हळूच काढून घ्या. कात टाकताना किडाच त्याला कुरतडतो.

मॅट चालू असेल तेव्हा पाण्याची वाटी रोज बघा. वाफ होऊन ती नेहमीपेक्षा लवकर आटते. ओल टिकावी म्हणून झाकणाची भोकं मात्र बुजवू नका, कोंडट हवा झाडावर राहणाऱ्या अविक्युलारियासारख्या जातींना मानवत नाही.

आणखी एक, जे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही : गारठ्यात खिडक्या बंद असतात आणि त्याच खोलीत डासांचं मशीन किंवा कॉइल चालू असते. त्यातलं औषध किड्यांसाठीच असतं, आणि कोळी-विंचू त्यातून सुटत नाहीत.

वीज गेली तर घाबरू नका, काही तासांच्या गारव्याने धडधाकट जनावर दगावत नाही. पेटी ब्लँकेटात गुंडाळा, गरम पाण्याची पिशवी टॉवेलात बांधून बाहेरून एका बाजूला टेकवा, भोकं उघडी ठेवा. वीज आली की ऊब हळूहळू वाढू द्या.

नवी मॅट घरी नेलीत की पहिला अख्खा दिवस रिकाम्या पेटीवर चालवा. आकडा दिवसा-रात्री स्थिर राहतोय असं दिसलं की मगच जनावर आत सोडा.