सेफ-लाइफ आणि डॅमेज टॉलरन्स: गल्लत कुठे होते?

पॉवरलूमवरचा जुना जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारा मिस्त्री, काही भाग मुदत भरली की बदलतोच, मग ते धडधाकट का असेनात. धोट्यावरून, म्हणजे आडवा धागा नेणाऱ्या लाकडी भागावरून, मात्र रोज अंगठा फिरवतो. कूस लागली की धोटा बाजूला. विमानाच्या सांगाड्याच्या देखभालीतही ह्याच दोन तऱ्हा आहेत, आणि दोन्हींना सरसकट 'भागाचं आयुष्य' म्हटल्यामुळे घोळ होतो.

सेफ-लाइफ ही पहिली तऱ्हा. चाचणीवरून भागाची उड्डाणं ठरतात. ती भरली की भाग भंगारात. डॅमेज टॉलरन्स उलट बाजूने निघतं: चीर आधीच आहे असं धरा. ती दिसण्याजोगी झाल्यापासून घातक होईपर्यंत किती उड्डाणं जातात ते काढा आणि तेवढ्यात किमान दोनदा तपासा.

1954 साली कॉमेट ह्या ब्रिटिश जेट प्रवासी विमानांपैकी दोन हवेत फुटली. इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या संशोधन केंद्रात एक कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवून दाब चढवला-उतरवला, तेव्हा सुमारे 3,000 उड्डाणांइतक्या ताणानंतर पत्रा फाटला. मग आधाराला दुसरा भाग ठेवायची पद्धत रुळली. एक तुटला तरी दुसरा भार पेलेल. पण 1977 मध्ये झांबियातल्या लुसाकाजवळ बोइंग 707 चं शेपटीकडचं आडवं पंख तुटलं. आधार होता, पण पहिल्या भागातली चीर सापडेल अशी तपासणीच वेळापत्रकात नव्हती. माझ्या मते खरा धडा कॉमेटपेक्षा इथे मिळाला. 1978 मध्ये अमेरिकी नियमांत डॅमेज टॉलरन्स आलं.

म्हणून सेफ-लाइफ संपलं असं मात्र नाही. सोलापूरहून गोव्याला जाणारं एटीआर 72 हे पंख्यांचं छोटं विमानच घ्या. त्याच्या चाकांच्या पायांना आजही मोजून मुदत आहे, कारण तिथल्या कडक पोलादात चीर दिसेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. धातूच्या धडाला तपासण्या. पंखांचा बाहेरचा भाग कार्बन धाग्यांच्या चिकटवलेल्या थरांचा, आणि तिथे चीर वाढण्याचा हिशेबच लंगडा पडतो: हातातून पाना पडला तर वरून जेमतेम पोचा, आत थर सुटलेले. म्हणून नियम म्हणतो, न दिसणारी इजा असतानाही भागाने पूर्ण भार पेलला पाहिजे. आणि तपासताना? यंत्रं आहेतच, पण नाण्याने टकटक करणंही चालतं. माठ घेताना आपण टिचकी मारतो तसंच. बद्द आवाज आला की तिथे खडूची खूण.