सरकार पडलं म्हणजे विधानसभा बरखास्त? नाही हो!

हा गैरसमज कधीचा फिरतोय. 'महाराष्ट्र शासन' हे सरकारचं नाव, तर 'महाराष्ट्र विधानमंडळ' हे कायदे करणाऱ्या संस्थेचं, आणि घटनेच्या कलम १६८ प्रमाणे त्यात राज्यपाल, २८८ जणांची विधानसभा आणि ७८ जणांची विधान परिषद येते. आता २०१९ ला निवडून आलेली विधानसभाच बघा ना, त्या एकाच सभागृहाच्या काळात फडणवीस, ठाकरे, शिंदे असे तीन मुख्यमंत्री झाले, सरकारं बदलली पण आमदार तेच, मधे सार्वत्रिक निवडणूक झालीच नाही! जीआर (म्हणजे शासन निर्णय) पण शासन काढतं, राज्यपालांच्या नावाने, विधानसभा नाही काढत. त्यामुळे विरोधी आमदाराला 'तुम्ही जीआर का काढला' विचारणं चुकीचंय, तो विधानमंडळात असतो, सरकारमध्ये नसतो.