‘ओओसी झाला!’ : रोल-प्लेतल्या रसभंगामागची गोष्ट

इंदूरमध्ये ऑनलाइन रोल-प्ले, म्हणजे एखादं पात्र होऊन त्याच्यासारखं बोलायचा-वागायचा खेळ, खेळणाऱ्या मुलांच्या तोंडी ‘ओओसी झाला’, म्हणजे भूमिकेबाहेर गेला, हे आता आरोपाचं वाक्य झालं आहे. कुणाच्या माइकमधून कुकरची शिट्टी ऐकू आली, ओओसी झाला. सीन चालू असताना कुणी ‘लॅग मारतोय यार’ (खेळ अडकतोय) म्हणालं, ओओसी झाला. लपलेल्या दरोडेखोराची जागा पोलिसाने त्याचंच लाइव्ह स्ट्रीम बघून शोधली, तोही ओओसी. तीन वेगवेगळ्या गोष्टींना एकच शब्द, आणि बऱ्याच सर्व्हरवर, म्हणजे जिथे एकेका गटाचं खेळाचं जग चालतं तिथे, नियमांत एकच कलम. लॉकडाऊनपासूनचे आमच्याकडचे बहुतेक वाद या शब्दापाशी येऊन अडकलेले आहेत, म्हणून आधी शब्दच बघू.

ओओसी, ‘आउट ऑफ कॅरेक्टर’, म्हणजे भूमिकेच्या बाहेर, हा मुळात गुन्हा नव्हताच. ती एक जागा होती. टाइप करून खेळायच्या काळात दुहेरी कंसात लिहिलेलं वाक्य पात्राचं नसून खेळणाऱ्याचं आहे, हे सगळ्यांना माहीत असायचं. ((जेवून येतो, दहा मिनिटं)) असं लिहायचं आणि उठायचं. तुमचा शिलेदार तोवर शेकोटीपाशी गप्प बसलेला, बाकीच्यांचं चालू. १९९९ मध्ये आलेल्या एव्हरक्वेस्ट या ऑनलाइन खेळात तर त्यासाठी वेगळं चॅनलच होतं आणि त्याचं नाव ओओसी. खेळाच्या भिंतीला सगळ्यांच्या संमतीने ठेवलेली ती खिडकी होती. आपल्याकडे हा खेळ पसरला तो थेट आवाजाच्या जमान्यात, आणि आवाजाला कंस घालता येत नाहीत. माझ्या मते खिडकीचा गुन्हा झाला तो इथे.

त्याआधीचा इतिहास मोठा आहे, पण आपल्या मुद्द्यापुरता थोडक्यात सांगता येतो. १९७८ मध्ये इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात विद्यार्थ्यांनी मड हा निव्वळ अक्षरांचा खेळ सुरू केला. चित्र नाही, आवाज नाही. वाचणाऱ्याच्या डोक्यात जे उभं राहील ते जग. तिथे मोडायला फारसं काही नव्हतंच. चित्रं आली तसा यंत्राचा अडथळा आला. पात्र भिंतीत अडकायचं, घोडा हवेत तरंगायचा. १९९७ मध्ये अल्टिमा ऑनलाइन या खेळाच्या चाचणीत राजाचं पात्र खुद्द खेळ घडवणारा चालवत होता. सर्व्हर पडून पुन्हा सुरू झाल्यावर राजाला अमर ठेवणारी सोय परत लावायची राहिली, कुणीतरी आगीचा मंत्र टाकला आणि भर सभेत राजा मेला. चूक यंत्राची आणि माणसाची, पण खेळाडूंनी ती दंतकथेसारखी जपली. हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे, कारण घडलेली गोष्ट कथेत सामावली तर रस टिकतो. २००५ मध्ये एव्हरक्वेस्टच्या दुसऱ्या भागात अमेरिकेतल्या खेळाडूंना खेळातूनच एक आज्ञा टाइप करून घरी पिझ्झा मागवता येऊ लागला. ते कुठल्याच कथेत सामावत नव्हतं. पैशाचा आणि दुकानाचा रसभंग पुढे फार वाढला, पण तो वेगळा विषय आहे.

आवाजाबद्दल इशारा बराच आधी मिळाला होता. मड घडवणाऱ्यांपैकीच एकाने २००३ मध्ये लिहिलं होतं की या जगांमध्ये आवाज आणायची घाई करू नका. आवाजाबरोबर खरं जग आत येतं आणि दुसरं कुणी होण्याची मुभा जाते. कुणी ऐकलं नाही. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या खेळात २००७ मध्ये अंगचं व्हॉइस चॅट आलं, २०१५ मध्ये खेळणाऱ्यांना आपसात बोलू देणारं डिस्कॉर्ड आलं. त्याच २०१५ मध्ये जीटीए फाइव्ह हा शहरातल्या गुन्हेगारीचा खेळ पीसीवर आला आणि त्यावर स्वतःची शहरं उभारू देणारं फाइव्हएम मूळ धरू लागलं. सुरुवातीला जीटीएच्या कंपनीने फाइव्हएम करणाऱ्यांची खाती बंद केली आणि २०२३ मध्ये त्याच मंडळींना आपल्यात सामील करून घेतलं. मधल्या आठ वर्षांत रोल-प्ले या शब्दाचा अर्थच बदलला. आता रोल-प्ले म्हणजे ‘सिटी’: पोलिस, डॉक्टर, मेकॅनिक, टोळ्या, आणि अंतराप्रमाणे लहानमोठा ऐकू येणारा खरा आवाज.

इंदूरच्या मराठी पोरांसाठी या आवाजात आणखी एक पेच होता. आमच्याकडे रामबागेत काय किंवा लोकमान्य नगरात काय, उंबरठ्याच्या आत मराठी आणि बाहेर हिंदी हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. घरात ‘अरे बाळा’, गल्लीत ‘क्यों भिया’. सिटीत सगळे हिंदी बोलत. त्यामुळे मराठी वाक्य ऐकू आलं की ते घरातून आलं, म्हणजेच खेळाबाहेरचं, असं सर्व्हर सांभाळणाऱ्या अ‍ॅडमिन लोकांनी धरूनच टाकलं. सिटीतल्या दोन मराठी पात्रांनी आपसात मराठी बोलणंही ओओसीत गेलं. इंदूरसारख्या शहराचं सोंग घ्यायचं आणि त्यातून मराठी वजा करायची, हे मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही पटत नाही.

२०२१ च्या उन्हाळ्यातला तो सीन मी ऐकला आहे. सिटीच्या हॉस्पिटलमध्ये गोळी लागलेला एक जण स्ट्रेचरवर होता. डॉक्टर त्याला हिंदीत विचारत होता, किती बोटं दिसतात. उत्तर येण्याआधी रुग्णाच्या माइकमधून त्याच्या आजीचा आवाज आला, अगदी जवळून: “अरे, दूध उतू चाललंय रे, गॅस बंद कर आधी!” त्यामागे भांडं आपटल्याचा आवाज. क्षणभर सगळे गप्प. मग डॉक्टर शांतपणे म्हणाला, “सिस्टर, मरीज की दादी को बाहर बिठाओ, अंदर अलाउड नहीं है।” रुग्ण कण्हत म्हणाला, “दादी को कुछ मत बोलना, डॉक्टर साब।” सीन पुढे वीस मिनिटं चालला आणि त्या आठवड्यातला तो सगळ्यात चांगला सीन होता. रात्री त्या मुलाला चोवीस तासांचा बॅन लागला. कारण दिलं होतं, ओओसी.

त्याच आठवड्यात एका पोलिसाने टोळीचं गोदाम स्ट्रीम बघून शोधलं. त्याच्या आवाजात, भाषेत, वर्दीत काडीचीही खोट नव्हती. दारावर टकटक करून “तलाशी लेनी है” म्हणाला तेही अस्सल. त्या गोदामामागे सहा जणांचे तीन आठवडे होते. त्याला फक्त ताकीद मिळाली. खेळातल्या माणसाला जे कळूच शकत नाही ते खेळणाऱ्याने वापरणं, यालाच मेटागेमिंग म्हणतात.

हे दोन निकाल शेजारी ठेवले तेव्हा भांडण पेटलं. कडक नियमाच्या बाजूचं म्हणणं साधं होतं: आज आजीला सोडलं तर उद्या टीव्ही, परवा पंखा, आणि महिन्याभरात सिटीची चाळ होईल. यात तथ्य आहे. माइक म्यूट करायची कळ प्रत्येकाकडे असते, आणि इतरांच्या कानांची काळजी घेणं हा खेळाचाच भाग आहे. पण म्यूट करायला वेळ मिळतोच असं नाही. दोन खोल्यांच्या घरात, सगळी माणसं घरात असताना, रात्री अकरा वाजता तर नाहीच.

आमच्यातला एक जण हौशी नाटकांत काम करतो. त्याने वादात ‘रसभंग’ हा शब्द आणला आणि बोलण्याची दिशा बदलली. नाट्यशास्त्रावर हजार वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये लिहिलेल्या टीकेत रसाची सात विघ्नं सांगितली आहेत. समोरचं घडणं शक्यच वाटत नसणं हे एक. प्रेक्षकाने स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटून जाणं हे आणखी एक. बाहेरून अचानक आलेल्या आवाजाला त्या यादीत स्वतंत्र जागा नाही. आपल्या संगीत नाटकांत तर प्रेक्षक ‘वन्समोअर’ ओरडायचे, मरणाच्या दारातलं पात्रसुद्धा पद पुन्हा गायचं, आणि डोळे पुसणारे पुसतच राहायचे. कारण वन्समोअर हा दोन्हीकडच्यांना मान्य असलेला संकेत होता. मोठ्या सिट्यांमध्ये सर्व्हर रीस्टार्ट होण्याला ‘सुनामी’ म्हणतात ते याच धर्तीवर. ‘सुनामी येतेय, गाडी आत लाव’ म्हटलं की यंत्राचा अडथळा शहराचं हवामान होतो.

मला पटलं ते एवढं की आजीच्या आवाजाने कुणाचा विश्वास मोडला नाही. डॉक्टरने तो आवाज उचलला आणि तिला नातेवाईक करून टाकलं. पोलिसाने मात्र एक शब्द न चुकवता सहा जणांचा विश्वास मोडला, कारण त्याला सीन नको होता, जिंकायचं होतं. तो स्वतःच्या सुखात गुरफटला होता. पहिला दोष कानाला जाणवतो म्हणून पकडायला सोपा, दुसरा सिद्ध करायला रेकॉर्डिंग चाळावी लागतात. शिक्षा सोप्या दोषाला जास्त झाली.

दोन महिने खल चालला आणि त्या सिटीने कलम तोडून दोन केलं. पहिल्यात आलं की घरचा आवाज चुकून आला आणि समोरच्याने तो सीनमध्ये उचलला तर शिक्षा नाही. कुणीच उचलला नाही तर ‘डोकं गरगरतंय’ म्हणून बाजूला व्हायचं, माइक नीट करायचा आणि परत यायचं. मराठीवरची बंदीही त्याच बैठकीत गेली, फक्त समोरच्या पात्राला ती समजत नसेल तर हिंदीवर यायचं अशी अट राहिली. मेटागेमिंगच्या कलमावर मात्र एकमत झालं नाही. स्ट्रीम दहा मिनिटं उशिराने दाखवावं असं सुचवलं गेलं. स्ट्रीम करणाऱ्यांनी त्याला विरोध केला, कारण उशिराने दाखवलं तर बघणाऱ्यांशी बोलता येत नाही. शेवटी तो उशीर ऐच्छिक ठेवला गेला आणि अजून तो ऐच्छिकच आहे. गोदाम गेलेल्या सहांपैकी चौघांनी सिटी सोडली. दूध उतू गेलेला मुलगा आता तिथे अँब्युलन्स चालवतो.